पहिल्यांदाच ऑपरेशन आहे? सर्जरीच्या ओपीडीपासून टाके निघेपर्यंतची वाट

सरकारी रुग्णालयाच्या सर्जरी वॉर्डात मी बरीच वर्षं सिस्टर म्हणून काम केलं. हर्निया, पित्ताशयातले खडे, अपेंडिक्स, मूळव्याध या रोजच्या शस्त्रक्रियांत पेशंटचे जे हाल होतात, त्यांतले बरेचसे ऑपरेशन थिएटरच्या बाहेरचे असतात, हे माझं तेव्हापासूनचं मत आहे. कुणी चुकीच्या वारी ओपीडीला येतं, कुणी चालू गोळीचं नाव सांगत नाही, कुणाला सकाळी चहा पाजलेला असतो, कुणी बायोप्सीचा, म्हणजे काढलेल्या भागाच्या तपासणीचा, रिपोर्ट न्यायलाच येत नाही. या गोष्टी आपल्या हातातल्या आहेत. घरात पहिल्यांदाच ऑपरेशन निघालेल्यांसाठी त्या क्रमाने सांगते.

आधी ठरवा: आत्ताच निघायचं, की तारीख घ्यायची?

जनरल सर्जरीतली बहुतेक ऑपरेशनं तारीख घेऊन होणारी असतात. आठ-पंधरा दिवस मागेपुढे झाले तरी चालतं. पण काही दुखण्यांना तास मोजावे लागतात आणि ती ओळखता आली पाहिजेत.

अपेंडिक्सचं दुखणं बहुधा बेंबीभोवती सुरू होतं. काही तासांत ते खाली उजव्या बाजूला सरकतं. भूक मरते, मळमळतं, बारीक ताप येतो, खोकलं किंवा गाडीला खड्ड्यात धक्का बसला की कळ येते. अशा वेळी घरी एरंडेल किंवा जुलाबाचं औषध अजिबात देऊ नका. सुजलेलं अपेंडिक्स फुटण्याचा धोका त्याने वाढतो.

हर्नियाची गाठ एरवी आडवं झालं की आत जाते. ती आत जाईनाशी झाली, कडक झाली, दुखू लागली, सोबत उलट्या होऊन वारा सरणं बंद झालं, तर आतडं अडकलंय असं समजा आणि निघा. गाठ जोर लावून आत ढकलत बसू नका.

तिसरी गोष्ट घराघरांत लपवली जाते म्हणून मुद्दाम लिहिते. वाढत्या वयाच्या मुलाचा अंडकोष अचानक खूप दुखायला लागला, तर आतली नस पिळली गेलेली असू शकते. ती साधारण सहा तासांच्या आत सोडवली तर अंडकोष वाचण्याची शक्यता सगळ्यात जास्त, पुढच्या प्रत्येक तासाला ती कमी होत जाते. मुलगा लाजून ‘पोट दुखतंय’ एवढंच सांगतो आणि सकाळपर्यंत वेळ जातो. पोट दुखतंय म्हणणाऱ्या मुलाला बाबांनी किंवा काकांनी एकदा स्पष्ट विचारावं.

याखेरीज पोट टम्म फुगणं, काळी शी किंवा रक्ताची उलटी, पित्ताच्या दुखण्यात थंडी वाजून ताप आणि डोळे पिवळे होणं, मधुमेही माणसाच्या पायाच्या जखमेला वास येऊन लाली वर चढणं, ही लक्षणं दिसली तर ओपीडीच्या वेळेची वाट पाहायची नाही. थेट कॅज्युअल्टीत, म्हणजे तातडीच्या विभागात जायचं. महाराष्ट्रात १०८ ची रुग्णवाहिका २०१४ पासून आहे आणि तिला पैसे लागत नाहीत. निघाल्यापासून पेशंटला खायला-प्यायला काही देऊ नका, ऑपरेशन लगेच ठरू शकतं.

कोणत्या रुग्णालयात जायचं

साधा हर्निया, अंडवृद्धी, गळू, चरबीची गाठ यांसाठी दर वेळी मोठ्या शहरात धाव घ्यायची गरज नसते. सर्जन आणि भूलतज्ज्ञ दोघेही असतील तर उपजिल्हा रुग्णालयात किंवा जिल्ह्याच्या सिव्हिलमध्ये ही कामं होतात. आधी चौकशी करा: सर्जन कोणत्या वारी असतात आणि भूलतज्ज्ञ आहेत का? राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी आणि उपचार मोफत आहेत. वैद्यकीय महाविद्यालयांची आणि महापालिकेची रुग्णालयं या निर्णयात नव्हती. तिथे केस पेपर आणि तपासण्यांचं ठरावीक शुल्क असतं, पण ते खासगीच्या मानाने फार थोडं.

गुंतागुंत असेल, म्हणजे हृदयाचा आजार आहे, आधी ऑपरेशन झालंय, कॅन्सरची शंका आहे, तर मेडिकल कॉलेजचं रुग्णालय गाठलेलं बरं. पुण्यात ससून, मुंबईत केईएम, सायन, नायर, जेजे, छत्रपती संभाजीनगरात घाटी, नागपुरात मेडिकल आणि मेयो, कोल्हापुरात सीपीआर, गोव्यात बांबोळीचं गोमेकॉ. तिथे गर्दी असते, तारीख लांबते, पण रात्री दोन वाजताही सर्जन, भूलतज्ज्ञ आणि रक्तपेढी एकाच आवारात मिळतात.

ओपीडी, युनिट आणि तो केस पेपर

मोठ्या रुग्णालयात सर्जरी विभागाचे युनिट, म्हणजे डॉक्टरांचे वेगवेगळे गट असतात आणि प्रत्येक युनिटचा ओपीडीचा वार ठरलेला असतो. पहिल्यांदा ज्या वारी दाखवाल, त्या युनिटचे तुम्ही पेशंट झालात. पुढच्या वेळी त्याच वारी यायचं. सोमवारी दाखवलेला पेशंट गुरुवारी आला, तर समोरचे डॉक्टर वेगळे असतात, त्यांना काही माहीत नसतं, आणि बहुतेकदा ‘सोमवारी या’ म्हणून परत जावं लागतं. गावाहून एसटीने आलेल्या माणसाचा सगळा दिवस वाया जातो. म्हणून केस पेपर हातात आला की त्यावर युनिटचा नंबर आणि वार लिहिलाय का ते बघा. नसेल तर तिथेच लिहून घ्या.

डॉक्टरांसमोर मिळतात जेमतेम पाच मिनिटं. त्यात काय सांगायचं हे घरूनच ठरवून या: कधीपासून, कुठे, कशाने वाढतं. आधीची ऑपरेशनं. मधुमेह, बीपी, दमा, फिट्स. कोणत्या औषधाने अंगावर पित्त उठलं होतं का. चालू गोळ्यांची नावं पाठ करत बसू नका, रिकाम्या झालेल्या स्ट्रिपाच आणा. ‘बीपीची एक पांढरी गोळी’ यावरून कुणालाच काही कळत नाही. आणि तपासायला कपडे सैल करावे लागतील याची तयारी ठेवा. हर्निया उभं करून, खोकायला लावून बघतात. मूळव्याधीला बोटाने तपासणी करावी लागते. बायकांना तपासताना सोबत सिस्टर किंवा घरची बाई हवी, असं निःसंकोच सांगा.

पैशाचं ऑपरेशनच्या आधीच बघा

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना २०१२ साली राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना म्हणून सुरू झाली, २०१७ मध्ये तिला आजचं नाव मिळालं. आता ती आयुष्मान भारतशी जोडलेली आहे. कुटुंबामागे वर्षाला ५ लाख रुपयांचं संरक्षण आहे आणि पिवळं, केशरी, पांढरं अशी तिन्ही रेशन कार्डं चालतात. योजनेतल्या प्रत्येक रुग्णालयात आरोग्यमित्राचं, म्हणजे योजनेचं काम बघणाऱ्या माणसाचं टेबल असतं. दाखल होण्याआधी रेशन कार्ड, आधार आणि डॉक्टरांचा कागद घेऊन त्या टेबलावर जा. मंजुरी आधी घ्यावी लागते. बिल भरून झाल्यावर ‘आता योजनेत बसवा’ म्हटलं तर काही होत नाही. तातडीच्या पेशंटसाठी फोनवरून परवानगी घेऊन कागद मागाहून देण्याची सोय आहे, तीही आरोग्यमित्रच करतात.

काही शस्त्रक्रिया योजनेत फक्त सरकारी रुग्णालयांसाठी राखून ठेवलेल्या आहेत. त्यामुळे खासगीत ‘हे योजनेत नाही’ असं सांगितलं तर लगेच भांडू नका, आधी हेल्पलाइनला विचारा: १५५३८८, आयुष्मानसाठी १४५५५. रेशन कार्डावर पेशंटचं नाव आहे का, आधारवरच्या नावाशी जुळतं का, हे घरीच तपासा. लग्नानंतर नाव बदललेल्या बायकांचं काम इथेच अडतं. गोव्यातल्या रहिवाशांसाठी दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजना वेगळी आहे.

राज्यातल्या धर्मादाय रुग्णालयांनाही १० टक्के खाटा निर्धन रुग्णांना मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांना सवलतीत द्याव्या लागतात. तिथे समाजसेवा अधीक्षकांना भेटा, तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला सोबत ठेवा.

नेहमीची ऑपरेशनं, आणि त्यांबद्दलचे गैरसमज

सगळ्यात जास्त गोंधळ पित्ताशयातल्या खड्यांबद्दल असतो. मुतखडा वेगळा, हा वेगळा. बारीक मुतखडा भरपूर पाणी प्यायल्यावर लघवीवाटे पडू शकतो. पित्ताशयातला खडा तसा पडत नाही, आणि गोळ्यांनी तो विरघळवण्याचा मार्ग फार थोड्या पेशंटना लागू पडतो. त्यातला लहान खडा सरकून पित्तनलिकेत अडकला तर कावीळ होते, स्वादुपिंडाला सूज येते आणि साधं दुखणं जिवावर बेतू शकतं. दुसरी बाजूही सांगते. भलत्याच कारणासाठी सोनोग्राफी केली, खडे दिसले, पण त्रास काहीच नाही, अशा बहुतेकांना ऑपरेशनची घाई नसते. ‘खडे आहेत, उद्याच काढू’ असं कुणी म्हणालं तर ‘मला त्रास नाही, तरी का?’ हे विचारायचा तुम्हाला हक्क आहे.

ऑपरेशनमध्ये नुसते खडे काढत नाहीत, खड्यांसकट पित्ताशयच काढतात. ‘मग पचन कसं होणार?’ हा प्रश्न हमखास येतो. पित्त तयार होतं यकृतात, पित्ताशय ते फक्त साठवतं. पिशवी गेली तरी पित्त आतड्यात येत राहतं, आणि बहुतेक माणसं थोड्या दिवसांत नेहमीसारखं जेवतात. भारतात दुर्बिणीतून पित्ताशय काढण्याची सुरुवात १९९० साली मुंबईच्या जेजे रुग्णालयात डॉ. तेहेमटन उदवाडिया यांनी केली. आज जिल्ह्याच्या ठिकाणीही ते होतं. सहसा चार छोटी छिद्रं पाडतात आणि काम करायला जागा व्हावी म्हणून पोटात कार्बन डायऑक्साइड भरतात. त्यामुळे दुसऱ्या दिवशी पेशंट म्हणतो, ‘सिस्टर, पोट बरंय, खांदा का दुखतोय?’ उरलेल्या वायूने पोट आणि छातीमधला पडदा चाळवतो आणि त्याची कळ खांद्यात जाणवते. एक-दोन दिवसांत ती जाते. आत फार चिकटलेलं असेल तर डॉक्टर दुर्बीण बाजूला ठेवून पोट उघडतात. हे बिघडलेलं ऑपरेशन समजू नका, पेशंट सुरक्षित राहावा म्हणून घेतलेला तो निर्णय असतो. संमतीपत्रात हे आधीच लिहिलेलं असतं.

हर्निया गोळीने किंवा कमरपट्ट्याने बरा होत नाही. पोटाच्या भिंतीला पडलेली फट शिवून, बहुतेक वेळा त्यावर जाळी बसवून तो दुरुस्त करतात. जाळी आयुष्यभर आतच राहते. पण जुनाट खोकला, बद्धकोष्ठता किंवा प्रोस्टेटमुळे लघवीला जोर लावावा लागणं, यांचा इलाज आधी करा. नाहीतर तोच जोर टाक्यांवर येतो. तान्ह्या बाळाची बेंबी फुगलेली असेल तर ती बहुधा तीन-चार वर्षांत आपोआप बसते, तिच्यावर नाणं बांधू नका. बाळाच्या जांघेतला हर्निया मात्र आपोआप जात नाही, त्याला ऑपरेशनच लागतं.

शौचाच्या जागी काहीही झालं की लोक त्याला मूळव्याधच म्हणतात. न दुखता रक्त पडतं ती बहुधा मूळव्याध, शौचाला गेलं की कापल्यासारखं दुखतं ते फिशर, बाजूच्या पुळीतून पुनःपुन्हा पू येतो ते भगंदर. सुरुवातीची मूळव्याध आणि नवं फिशर यांतल्या बऱ्याच पेशंटना फायबर, पाणी, कोमट पाण्यात बसणं आणि मलम एवढ्यावर बरं वाटतं. भगंदराला ऑपरेशन किंवा क्षारसूत्र (औषध लावलेला दोरा) लागतं. क्षारसूत्र आयुर्वेद महाविद्यालयांच्या शल्यतंत्र विभागात पद्धतशीर होतं. बसस्टँडजवळ ‘बिना ऑपरेशन, एका इंजेक्शनात मूळव्याध गायब’ असा बोर्ड लावलेल्या खोलीत मात्र जाऊ नका. तिथून सडलेली जागा घेऊन आलेले पेशंट मी ड्रेसिंगला घेतलेत. आणि चाळिशीनंतर पहिल्यांदाच शौचातून रक्त पडायला लागलं, वजन उतरलं, शौचाची सवय बदलली, तर मूळव्याध गृहीत धरू नका. दुर्बिणीची तपासणी मागून घ्या. आतड्याचा कॅन्सर असाच मूळव्याधीच्या नावाखाली लपतो.

बायकांनी स्तनातल्या गाठीसाठी थांबू नये. न दुखणारी गाठ आहे म्हणून साधी, असं नसतं. आधी तपासणी, मग सोनोग्राफी किंवा मॅमोग्राफी, मग सुईची बायोप्सी, असा क्रम आहे. ‘सुई टोचली की पसरतं’ या भीतीने सुई टाळणाऱ्या अनेक जणी मी पाहिल्या. सुईमुळे आजार पसरत नाही. उलट, निदान न करता गाठ कापून काढली तर पुढचं ऑपरेशन अवघड होऊन बसतं.

तारीख मिळाल्यावर

रक्त, लघवी, छातीचा एक्स-रे, ईसीजी आणि मग भूलतज्ज्ञांची तपासणी होते. याला सगळे ‘फिटनेस’ म्हणतात. लोक सर्जनला सगळं सांगतात आणि भूलतज्ज्ञांसमोर गप्प बसतात. खरं तर रक्त पातळ करायच्या गोळ्या, दमा, घोरणं, हलणारा दात, दारू, तंबाखू, मिश्री हे सगळं त्यांना कळायलाच हवं. मिश्री लावणाऱ्या आजी विचारल्याशिवाय सांगत नाहीत, तेव्हा सुनेने सांगावं. अ‍ॅस्पिरिन, क्लोपिडोग्रेल, वॉरफरिन यांतली काही औषधं काही दिवस आधी बंद करतात, काही करत नाहीत. हृदयाच्या रक्तवाहिनीत स्टेंट (छोटी जाळीची नळी) बसवलेल्या माणसाने स्वतःच्या मनाने गोळी बंद केली तर ते जिवावर बेतू शकतं, म्हणून तारखेनिशी लिहून घ्या. मधुमेहाच्या काही गोळ्याही दोन-तीन दिवस आधी थांबवाव्या लागतात, तेही विचारा. बिडी-सिगारेट जितक्या आधी सोडाल तितकं छातीला बरं, चार आठवडे आधी सोडली तर उत्तम.

ऑपरेशनच्या जागेचे केस घरी ब्लेडने काढू नका. बारीक कापलं जातं आणि तिथून जंतू शिरतात. काढायचेच असतील तर वॉर्डात मशिनने काढतील. आदल्या दिवशी साबणाने स्वच्छ अंघोळ करा. नेलपॉलिश आणि बोटांवरची मेंदी नको, बोटाला लावायचं ऑक्सिजनचं यंत्र नीट आकडा दाखवत नाही. दागिने घरीच ठेवा. मंगळसूत्र काढायला बायका कचरतात. पण रक्त थांबवायला वापरतात त्या विजेच्या यंत्रामुळे अंगावरच्या धातूजवळ भाजण्याची शक्यता असते. जोडवी घट्ट बसली असतील तर आदल्या रात्री तेल लावून सैल करा. ओटीच्या (ऑपरेशन थिएटरच्या) दारात ती निघता निघत नाहीत.

उपाशीपोटी, म्हणजे नक्की किती?

भुलीखाली माणसाचा ठसका लागण्याचा प्रतिसाद थांबतो. पोटातलं वर आलं तर ते थेट फुप्फुसात जातं. म्हणून हलकं जेवण आणि ऑपरेशन यात किमान सहा तास, तळलेलं किंवा मटण खाल्लं असेल तर आठ तास जावे लागतात. साध्या पाण्याला सर्वसाधारण नियम दोन तासांचा आहे, पण तुमच्या वॉर्डात जे सांगतील तेच पाळा. दुधाचा चहा पाण्यात मोजत नाहीत, त्यालाही सहा तासच. यादीत नाव असलेला पेशंट सकाळी ओटीच्या दारातून परत येतो, त्यामागे बऱ्याचदा एक कप चहा आणि दोन पारले-जी असतात. आईने प्रेमानेच दिलेले असतात. चुकून काही पोटात गेलंच तर लपवू नका. तारीख पुढे जाईल, पण पेशंट वाचेल.

संमतीपत्रावर सही करण्याआधी इतकं विचारा: कोणतं ऑपरेशन? केलं नाही तर काय होईल? भूल पाठीत की पूर्ण? काय बिघडू शकतं? डावा-उजवा भाग असेल तर डॉक्टरांकडून पेनने खूण करून घ्या. ओटीत तुम्हाला नाव, ऑपरेशन आणि बाजू पुनःपुन्हा विचारतील. वैतागू नका. जागतिक आरोग्य संघटनेने २००८ मध्ये आणलेल्या सुरक्षा यादीप्रमाणे भूल देण्याआधी, चीर देण्याआधी आणि ओटीतून बाहेर नेण्याआधी हे तपासायचं असतं.

ऑपरेशननंतर

पाठीत भूल दिली असेल तर काही तास पाय हलत नाहीत, घाबरू नका. लघवी मात्र पाच-सहा तासांत झाली नाही, ओटीपोट दाटून आलं, तर सिस्टरला सांगा. लाजून रात्र काढू नका. पुढे एक-दोन दिवसांत उठून बसलं की डोकं खूप दुखतं आणि आडवं झालं की थांबतं, असं झालं तर तेही सांगा, त्यावर उपचार आहेत.

डॉक्टर सांगतील तेव्हा उठून चाला. पडून राहिलं की पायात रक्ताच्या गाठी होण्याची आणि छातीत कफ साठण्याची भीती असते. खोकताना पोटावर उशी धरा.

जेवणाबद्दल घरी फार भीती असते: भाताने पू होतो, डाळीने जखम पिकते, वांगं बाधतं. यातलं काहीच खरं नाही. जखम भरायला प्रथिनं लागतात. वरण-भात, उसळ, अंडी, दूध, मासे, जे पचेल आणि परवडेल ते खाऊ द्या. बाळंतिणीची काळजी घेणारी घरं ऑपरेशनच्या पेशंटला आठवडाभर नुसत्या पेजेवर ठेवतात, ते बघून वाईट वाटायचं. जखमेवर हळद, राख, तेल काही लावू नका. टाके किती दिवसांनी निघतात ते जागेवर ठरतं: चेहऱ्याचे पाचेक दिवसांत, पोटाचे आठ-दहा दिवसांत, पायाचे दोन आठवडे राहतात. हर्नियानंतर हंडा, गॅस सिलिंडर, शेतातली पोती उचलायला किमान महिना-दीड महिना थांबा.

ताप, वाढत जाणारी लाली, पू, फुगणारं पोट, थांबत नसलेल्या उलट्या, पिवळे डोळे, एकाच पोटरीला सूज, धाप: यातलं काहीही झालं तर टाके काढायच्या तारखेची वाट पाहू नका.

सुट्टी मिळताना डिस्चार्ज कार्ड तिथेच उभ्याने वाचून घ्या. ऑपरेशनचं नाव, औषधं किती दिवस, पुन्हा कोणत्या वारी यायचं, हे कळलं नाही तर विचारा. जाळी बसवली असेल तर तिच्या वेष्टनावरचं स्टिकर फाइलला लावून मागा. काढलेलं पित्ताशय, अपेंडिक्स किंवा गाठ बहुधा पॅथॉलॉजीला जाते, तिचा रिपोर्ट काही दिवसांनी येतो. तो घ्यायला जाच आणि डॉक्टरांना दाखवाच. साध्या दिसणाऱ्या पित्ताशयात क्वचित कॅन्सर सापडतो, आणि तेव्हा तो रिपोर्ट पेशंटपर्यंत पोहोचलेला नसतो, कारण टाके निघाल्यावर कुणी फिरकलेलंच नसतं. सगळ्या कागदांचे फोटो मोबाइलमध्ये काढून मुलाला किंवा मुलीला पाठवून ठेवा. आणि कामावर द्यायचा दाखला त्याच दिवशी मागून घ्या. नंतर त्यासाठी पुन्हा युनिटच्या वाराला यावं लागतं.